तळाशी बसतं ते

१

सकाळी उठून आपण जे पाण्यात सोडतो ते पुढे कुठे जातं, हे कोणाला विचारू नये. त्याला ते माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायची हौसही नसते. वाघोलीतल्या त्या बारा मजली सोसायटीत मात्र एक बाई होती, जिला ते इत्थंभूत माहीत होतं. शेफाली तिचं नाव. नोकरी आयटीतली, बहुतेक वेळ घरूनच, आणि गेल्या वर्षापासून सोसायटीची सेक्रेटरी. सेक्रेटरी व्हायला सहसा कोणी धजत नाही. ही आपण होऊन उभी राहिली तेव्हा लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग हिला यातून काय सुटतंय याची चौकशी केली. दोन्ही एकाच मीटिंगमध्ये.

रोज चहा झाला की ती लिफ्टने तळघरात उतरायची. पार्किंगच्या मागे लोखंडी दाराआड सोसायटीचा सांडपाण्याचा प्लँट होता. सगळ्या घरांतलं पाणी एका जाड पाइपातून आधी जाळीवर पडायचं. जाळीत केस, चिंध्या, निर्माल्य अडकायचं. एकदा कोणाची तरी कवळीही सापडली होती आणि ती न्यायला कोणी आलं नव्हतं. तिथून पाणी हवेच्या टाकीत. तिच्या तळातून ब्लोअर दिवसरात्र हवा सोडायचा आणि तपकिरी पाणी खदखदत राहायचं. त्या पाण्यात जिवाणू असतात. ते घाण खातात आणि खाऊन वाढतात. पुढे निवळणीची टाकी. तिथे पाणी स्वस्थ उभं राहायचं, गाळ तळाशी बसायचा, वरचं नितळ पाणी वाळूच्या फिल्टरमधून जाऊन पुन्हा सगळ्यांच्या फ्लशमध्ये आणि बागेत यायचं. तळाचा गाळ मात्र पंपाने परत हवेच्या टाकीत आणून सोडायचे, कारण कामाचे जिवाणू त्यातच असतात. तो फार साचला की थोडा टँकरने बाहेर पाठवायचा असतो. शेफालीने सेक्रेटरी झाल्या झाल्या तो टँकर बंद करून टाकला.

"आपल्या आवारातून काहीही बाहेर जाणार नाही," ती म्हणाली होती. लोकांना वाटलं, बाई पर्यावरणवाली आहे.

प्लँटवर मच्छिंद्र होता, वाघोलीतलाच. चुलत्यांनी जमिनी विकून मोठाल्या गाड्या घेतल्या, याच्या वाट्याला तळघरातली खुर्ची आली. कामाला यथातथाच, पण बोलायला गोड. "या म्याडम," तो रोज म्हणायचा, "आला का वास घ्यायला?"

ते खरंच होतं. शेफालीला सातवा महिना लागला होता. कोणाला आंबट खावंसं वाटतं, कोणाला पाटीवरची पेन्सिल. हिला ओल्या मातीच्या वासाचे डोहाळे लागले होते. आणि प्लँट धड चालत असेल तर हवेच्या टाकीला घाण वास येत नाही, नांगरलेल्या ओल्या जमिनीचा येतो. ती कठड्याला टेकून उभी राहायची, पोटावर हात ठेवायची आणि खोल श्वास घ्यायची. दिवसातली तिची सगळ्यात सुखाची वेळ तीच होती.

२

प्लँटची तब्येत बघायची रीत सोपी आहे. हवेच्या टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या बरणीत घ्यायचं आणि अर्धा तास तिला हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. गाळ किती उंच बसला ते पाहायचं, झालं. मच्छिंद्र बरणी भरून ठेवायचा आणि अर्धा तास तंबाखू मळायचा.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी गाळ सपाट बसला नाही. एका बाजूला उंचवटा होता, मधे खळगा, आणि खळग्याभोवती गाळाची कड वळलेली. अंगाचं मुटकुळं करून कोणी कुशीवर निजावं तसा तो बसला होता.

"टेबल वाकडं आहे का?" शेफालीने विचारलं.

"आसंल की. हितं सरळ काय हाय म्याडम?" मच्छिंद्रने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

शेफालीने बरणी ढवळली आणि पुन्हा ठेवली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हाच तिचा धंदा होता, आणि एकदा दिसलेली चूक दुसऱ्यांदा दिसेपर्यंत तिला चूक म्हणायचं नाही, हा त्या धंद्याचा नियम. अर्ध्या तासाने गाळ बसला. तोच उंचवटा, तोच खळगा. या वेळी दुसऱ्या कुशीवर.

तिने बरणी बदलली. टेबल बदललं. ब्लोअरच्या हादऱ्याने होत असेल म्हणून बरणी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, कोणाच्या तरी धूळ खात पडलेल्या स्कूटरच्या सीटवर नेऊन ठेवली आणि शेजारी उभी राहिली. काही उपयोग झाला नाही. आठवडाभराने खळग्याच्या आतल्या बाजूला दोन बारीक कंगोरे दिसायला लागले, गुडघे पोटाशी घेतल्यावर दिसतात तसे.

"तुम्ही काही टाकता का यात?" तिने मच्छिंद्रला विचारलं.

"गूळ टाकतो कवातरी. मे महिन्यात लोकं गावाला गेल्यावर पाणी कमी येतं ना, तवा ह्यांची उपासमार हुती. सगळेच टाकत्यात." मच्छिंद्र बरणीकडे न बघता बोलत होता. तो त्या बरणीकडे कधीच बघत नाही, हे शेफालीच्या तेव्हा लक्षात आलं.

३

गेल्या वर्षी, गणपती जवळ आलेले असताना, शेफालीच्या बाथरूममध्ये एक गोष्ट घडली होती आणि ती तिने कोणालाही सांगितली नव्हती. त्याआधी पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या. नवऱ्याला, विक्रमला, रविवारी निवांत सांगायचं असं तिने ठरवलं होतं. रविवार यायच्या आधीच एका दुपारी, ऑफिसचा कॉल चालू असताना, तिच्या ओटीपोटात कळ आली. कॅमेरा बंद करून ती उठली.

जे झालं ते फार वेळ चाललं नाही. तिने खाली पाहिलं. पाहायला नको होतं. मग, दुसरं काय करायचं असतं हे तिला कोणी कधी सांगितलंच नसल्यामुळे, तिने फ्लश दाबला. पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज एकेका मजल्यावरून खाली खाली जात राहिला. हात धुऊन ती परत कॉलवर बसली. कोणीतरी विचारलं, "शेफाली, आर यू देअर?" ती म्हणाली, "येस, सॉरी, मी म्यूटवर होते."

ज्याच्या येण्याची वर्दी कोणाला नव्हती, त्याच्या जाण्याचं सुतक कोण धरणार? पुढे डॉक्टरबाई म्हणाल्या, असं पुष्कळ बायकांचं होतं, कोणाचा दोष नसतो. शेफालीला ते पटलंही होतं. पटल्याने काही हलकं होत नाही, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की गाळाचा टँकर येतोय, गेटसमोर गाड्या लावू नका. शेफाली जिन्याने धावत तळघरात गेली. तोपर्यंत तिने ते लोखंडी दार पाहिलंही नव्हतं. "आज टँकर नको," ती धापा टाकत मच्छिंद्रला म्हणाली. ती तेव्हा सोसायटीत कोणीच नव्हती, पण काम टळत असेल तर मच्छिंद्र कारण विचारत बसत नाही. त्याने टँकर परत पाठवला. महिन्याभरात ती सेक्रेटरी झाली.

त्या दिवशी जाळीवर काही अडकलं होतं का, हे मात्र तिने मच्छिंद्रला कधीच विचारलं नाही. अडकलं नसेल तर ते पुढे गेलं. हवेच्या टाकीत, तिथून निवळणीत, निवळणीच्या तळातून परत हवेच्या टाकीत. वर्षभर. बाहेर काहीच गेलं नव्हतं, कारण बाहेर जायची वाट तिनेच बुजवली होती.

४

डोहाळजेवणासाठी सासूबाई परभणीहून आल्या. चंद्रभागाबाई म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. गावातली कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हाताखालून गेली होती. आल्या दिवशीच त्यांनी शेफालीला आडवं करून पोटावर तळवा फिरवला आणि "ब्येस हाय" एवढंच म्हणाल्या. ते ऐकून शेफालीला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तिने बरणी घरी आणली. स्वयंपाकघराचा ओटा सरळ होता, ते तिने पाणी ओतून तपासलं होतं. इथे जर गाळ सपाट बसला, तर सगळा दोष तळघराचा. तिने बरणी मिक्सरच्या मागे ठेवली, दार ओढून घेतलं आणि एका मीटिंगला बसली.

परत आली तेव्हा चंद्रभागाबाई ओट्याशी वाकून उभ्या होत्या. चष्मा नाकावर होता.

"आई, ते प्लँटचं पाणी आहे. हात नका लावू."

"मला वाटलं चिंचेचा कोळ केलास का काय." त्या हलल्या नाहीत. आदल्या दिवशी शेफालीच्या पोटावर फिरवलेला तोच तळवा त्यांनी काचेवर ठेवला, तसाच, बोटं जरा पसरून. मग म्हणाल्या, "डोकं वर हाय अजून. फिरंल. येळ हाय."

"कोणाचं डोकं?"

चंद्रभागाबाई सरळ झाल्या. पदराला हात पुसला, पुन्हा पुसला. "कोणाचं म्हंजे? तुझ्या लेकराचं. काल बघितलं न्हाई का मी?" मग जराशाने, तिच्याकडे पाठ करून, "ते वतून टाक बाई. सैंपाकघरात ठिवू नये आसलं."

शेफालीला ते सिंकमध्ये ओतवेना. लिफ्टने ती बरणी खाली घेऊन गेली, दोन्ही हातांत धरून, ओढणीखाली झाकून. सहाव्या मजल्यावर हेमाकाकू लिफ्टमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, "काय लपवताय सेक्रेटरीबाई? लोणचं असेल तर थोडं आम्हालाही द्या." शेफाली हसली. ओढणीखाली काचेला आतून काहीतरी टेकल्यासारखं झालं. लिफ्ट हलली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

५

ब्लोअरला दिवसातून एकदा विश्रांती देतात. तेव्हा खदखद थांबते आणि टाकीवरचं पाणी गप्प पडून राहतं. त्या शांततेत एकदा ती कठड्याशी उभी असताना पोटात लाथ बसली, आणि त्याच वेळी पाण्यावर एक वर्तुळ उमटून कडेपर्यंत गेलं. ती हसली. योगायोग मोठे गमतीचे असतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथ आणि वर्तुळ. तिसऱ्या दिवशीही. मग एका दिवशी वर्तुळ उमटलं आणि लाथ बसली नाही. ती थांबली. पोटावर दोन्ही हात ठेवले. पाण्यावर दुसरं वर्तुळ उमटलं, पहिल्यापेक्षा मोठं. पोट गप्प होतं.

घरी येऊन ती डाव्या कुशीवर पडून राहिली. संध्याकाळी कधीतरी आत हालचाल झाली, पण भिंतीपलीकडून कोणी टकटक करावी इतकी अस्पष्ट. तिने डॉक्टरांकडे धाव घेतली. डॉक्टरबाईंनी तपासलं, ठोके ऐकवले. "हालचाल थोडी मंदावली आहे, लक्ष ठेवू या. पण ठोके उत्तम आहेत, पाणी भरपूर आहे. शांत बाळ आहे तुमचं."

"माझ्यावर गेलंय," विक्रम म्हणाला. "रविवारी मीसुद्धा हलत नाही." विक्रम चांगला माणूस होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याला हसता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीतल्या गाळाला अर्धा तासही लागला नाही. ओतल्या ओतल्या तो बसला, खाली जायची घाई असल्यासारखा. आज उंचवट्याला नाक होतं.

शेफालीला त्या क्षणी सगळं समजलं. पुरावा तिच्याकडे काहीच नव्हता, आणि इतक्या वर्षांत तिने पुराव्याशिवाय एकही गोष्ट मान्य केली नव्हती, ही केली. प्लँटचं काम एवढंच, की एकाचं दोन करायचं. जे भरीव आहे ते तळाशी, जे पाणी आहे ते वर. तळाशी जे भरत चाललं होतं, ते कुठून तरी कमी होत होतं. तिने पोटाला दोन्ही हातांचा विळखा घातला. हे तिला हवं होतं. याचं नाव ठरलं होतं, मुलगी झाली तर स्पृहा. याच्यासाठी भिंतीला पिवळा रंग दिला होता. हे ती जाऊ देणार नव्हती.

"मच्छिंद्र," ती म्हणाली, "टँकर बोलवा. तळाचं सगळं काढून टाका."

मच्छिंद्रने सुटकेचा श्वास सोडला. "लई बरं झालं म्याडम. खरं सांगू का, मला हितं एकट्याला बसवत न्हाई आताशा. कायतरी हाय त्यात. निजल्यावानी."

"काय आहे?"

"मला काय म्हाईत? मी बघतच न्हाई."

६

टँकरवाल्यांचा आणि मुहूर्ताचा काही संबंध नसतो. तीनदा उद्या येतो म्हणून तो आला नाही, आणि आला तो नेमका डोहाळजेवणाच्या दिवशी.

क्लबहाउसमध्ये फुलांनी सजवलेला झोपाळा होता. शेफालीला हिरवी साडी नेसवली होती, दंडावर, कपाळावर मोगऱ्याचे दागिने होते. बाहेर लॉन नुसतं हिरवंगार झालं होतं. वर्षभर प्लँटचं पाणी पिऊन ते असं माजलं होतं की पायाखाली दबायचंच नाही. बायकांनी ओटी भरली, नारळ, तांदूळ, खारीक, बदाम. झोपाळ्यासमोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत पेढा आणि दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उघडा लवकर," हेमाकाकू म्हणाल्या, "काही निघालं तरी पोटात आम्हालाच घालायचंय."

शेफालीने हात पुढे केला आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आत काहीच हललेलं नाही. एकदाही नाही. तेवढ्यात मांडीवरच्या फोनवर मच्छिंद्रचा निरोप आला. टँकर आला. सकाळपासून ब्लोअर बंद ठेवलाय, समदं खाली बसलंय.

ती उठली. "प्लँटवर जाऊन दोन मिनिटांत येते."

"अगं, आत्ता?" विक्रम म्हणाला. "प्लँटवर?"

"जाऊ द्या हो," हेमाकाकू म्हणाल्या. "ओटीत नारळ घेऊन मोटार दुरुस्त करणारी सेक्रेटरी दुसऱ्या कुठल्या सोसायटीला मिळायची नाही." सगळ्या हसल्या. चंद्रभागाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी शेफालीचं मनगट धरलं, घट्ट, आणि कानाशी म्हणाल्या, "बघू नको. काम उरक आणि ये. खाली बघू नको."

७

ब्लोअर बंद असला की तळघर किती मोठं आहे ते कळतं. शेफालीच्या बांगड्यांचा आवाज पार टोकापर्यंत जाऊन परत आला. निवळणीच्या टाकीपाशी मच्छिंद्र उभा होता, पाठमोरा. टँकरचा काळा पाइप रॅम्पवरून आत आणून कठड्यावरून पाण्यात सोडला होता. वर रस्त्यावर इंजिन घरघरत होतं.

"करू का चालू?" मच्छिंद्रने विचारलं. त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"करा," असं ती म्हणणार होती. तेवढंच म्हणायला ती आली होती. पण वास आला, ओल्या मातीचा, आजवर कधी आला नव्हता इतका गोड, आणि ती कठड्यावरून वाकली.

निवळणीच्या टाकीत हातभर खोलवर दिसलं तर पाणी चांगलं, असं म्हणतात. आज तळ दिसत होता. चारी भिंती, कोपऱ्यातला गंजलेला बोल्ट, पाइपाचं उघडं तोंड. तळाशी गाळ होता. तो एकाच ठिकाणी गोळा झाला होता आणि बाकीची फरशी धुतल्यासारखी स्वच्छ होती. पाइपाचं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. इंजिनाचा आवाज चढला तसा तो गोळा दचकला आणि सावकाश, झोपेत वळावं तसा, वळला.

तिला फक्त एक गोल दिसला, तिच्याकडे येणारा. त्याच्या मध्यावर नाण्याएवढी एक मऊ जागा होती. ती वरखाली होत होती. टाळू. अजून न भरलेली. डोकं फिरलं होतं. चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या तसं.

या पाइपातून ते सबंध जाणार नव्हतं.

"म्याडम, ड्रायवर वरडतोय. करू का?"

शेफालीला बाथरूममधली ती दुपार आठवली, फ्लशच्या बटणाचा गारवा आठवला, मजल्यामागून मजला उतरत गेलेला आवाज आठवला. तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारत होते. आपण कोणाला निवडतोय हे तिला पुरतं माहीत होतं. नंतर कोणी म्हणालं असतं की त्या वेळी तिचं भान सुटलं होतं, तर ते खोटं ठरलं असतं. पण एकदा ज्याला लोटलं त्याला दुसऱ्यांदा लोटायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं, आणि तिचं नव्हतं. एवढाच तिचा गुन्हा.

"नको," ती म्हणाली.

"आं?"

"पाइप काढा. टँकर परत पाठवा. आणि ब्लोअर लावा, त्याला हवा पाहिजे."

आणि तेव्हा पोटात लाथ बसली. हळूच. झोपलेल्या माणसाला उठवताना पहिल्यांदा हाक मारतात तेवढीच. शेफालीने श्वास रोखला, दुसरीची वाट पाहिली. ओटी सैल होऊन त्यातले तांदूळ पाण्यात पडले, आणि तळाशी पोचेपर्यंत एकेक दाणा दिसत राहिला. दुसरी लाथ बसली नाही.

मच्छिंद्रने ब्लोअर लावला. टाकीच्या पलीकडे खदखद सुरू झाली. वर क्लबहाउसमध्ये कोणीतरी वाटी उघडली असावी, कारण टाळ्यांचा आवाज आला.

८

सोनोग्राफीच्या खोलीत गार होतं. डॉक्टरबाईंनी पोटावर जेल लावलं, यंत्र टेकवलं, फिरवलं. काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं आणि मग हळूहळू गेलं.

"पाणी भरपूर आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं ना?" विक्रमने विचारलं. त्याच्या हातात कालच्या पेढ्यांचा डबा होता, दवाखान्यात वाटायला आणलेला.

डॉक्टरबाईंनी ठोक्यांचा आवाज मोठा केला. खोलीभर नुसती खरखर भरली. त्यांनी स्क्रीन जरा स्वतःकडे वळवला, पण शेफालीने आधीच पाहिलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत काळं, एकसारखं, काहीही न तरंगणारं पाणी होतं. वर्षभर रोज सकाळी तिने हेच पाहायचं काम केलं होतं. इतकं नितळ पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मी सरांना बोलावते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेल्या वेळी ठोके... मी स्वतः ऐकले होते. शेफाली, तुम्ही पडून राहा. अजिबात हलू नका."

विक्रम डॉक्टरांकडे पाहत होता, मग तिच्याकडे, मग पुन्हा डॉक्टरांकडे. "म्हणजे काय? बाळ कुठे आहे? अहो, मी काय विचारतोय? बाळ कुठे आहे?" पेढ्यांचा डबा त्याच्या हातातून सुटला. त्या माणसाचा तो आवाज ऐकून कोणालाही वाटलं असतं की धरणीने पोटात घ्यावं.

उशाशी शेफालीचा फोन वाजला. मच्छिंद्र होता.

"म्याडम," तो कुजबुजत होता, तोंडावर हात धरल्यासारखा. "ब्लोअर बंद हाय. पंप बंद हाय. समदं बंद केलं मी. तरी बी आवाज येतोय. म्याडम, तुमी या लौकर. मला ते गप करता येईना."

त्याच्या मागून तो आवाज आला. बारीक, ओला, दमून पुन्हा सुरू होणारा. शेफालीने फोन कानाशी आणखी दाबला. तिच्या छातीत काहीतरी दाटलं, दुखलं, आणि कुडत्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पसरत गेले.

ती उठून बसली. पोटावरचं जेल तिने ओढणीने पुसलं.

"हात लावू नका त्याला," ती फोनवर म्हणाली. "मी आलेच."